अस्थिकलशाची मोटार

जुनी वस्तू स्वतः बोलत नाही. तिच्या वतीने माणसे बोलतात, आणि माणसांच्या बोलण्यात जितके प्रेम असते तितकी चौकशी असतेच असे नाही. एखाद्या वाड्यात तलवार असली की ती लढाईत चाललेलीच असावी असे घरच्यांस वाटते. एखादे ताम्रपात्र सापडले की ते राजाच्या पंगतीतले ठरते. यात लबाडी नसते. आपल्या घरची, आपल्या गावची वस्तू थोर ठरावी ही इच्छा मात्र असते. परंतु इच्छा हा पुरावा नव्हे. हा भेद मला एका मोटारीने शिकविला, आणि तिच्याविषयीच चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

मोटारींत एक जात अशी आहे की तिच्यात कोणी हौसेने बसत नाही. आजाऱ्यास दवाखान्यात नेणारी रुग्णवाहिका आणि मृतास शेवटच्या मुक्कामी पोचविणारी शववाहिका, या त्या जातीच्या दोन बहिणी होत. लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. वाटेत जखमी होऊन पडलेल्या प्रवाशाच्या जखमा बांधून त्याने त्यास आपल्या जनावरावर बसविले व उतारशाळेत नेले. ते जनावर म्हणजे त्या दिवसापुरती रुग्णवाहिकाच नव्हती काय? पुढे काळ बदलला, जनावराच्या जागी घोड्यांची गाडी आली, घोड्यांच्या जागी इंजिन आले. काम मात्र तेच राहिले.

अशा मोटारी बहुधा एका कारखान्यात तयार होत नसत. ही गोष्ट आमच्या राळेगावच्या शेतकऱ्यास समजावून सांगण्यास फारसे श्रम पडत नाहीत, कारण त्याच्या अंगणातील बंडीही एका हातची नसते. लाकडी चाक व साटी सुताराची, चाकावरील लोखंडी धाव लोहाराची, आणि ओढणारे बैल बाजारातील. मोटारीचेही तसेच होते. कारखानदार खालचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, इंजिन व चाकांसह विकीत असे. तिच्यावर लाकडी चौकट उभारून, पत्रा मढवून, दारे-खिडक्या बसवून मोटारीस अंग देण्याचे काम कोचबिल्डर नावाचे निराळे कारागीर करीत. अमेरिकेत कॅडिलॅक कंपनी या कामासाठी मुद्दाम लांब चासी विकीत असे. इलिनॉय प्रांतातील फ्रीपोर्ट गावची हेनी कंपनी पॅकार्डच्या चासीवर, तर ओहायो प्रांतातील लायमा गावची सुपीरियर कंपनी निरनिराळ्या चासींवर रुग्णवाहिका व शववाहिका बांधीत असे. आपल्या इकडे १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने मुंबईस शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला, आणि फोर्डच्या मोटारीही मुंबईत जुळविल्या जाऊ लागल्या. मालमोटारीची चासी आली म्हणजे तिच्यावर लाकडी साटा चढविण्याचे काम पुष्कळदा देशी सुतारांच्या हाती येई.

याचा अर्थ असा की, अशा मोटारीस दोन बाप असतात. एकाने तिला गती दिली, दुसऱ्याने रूप दिले. म्हणून तिची ओळख पटवितानाही दोन निराळे प्रश्न विचारावे लागतात. हे अंग कोणाचे? आणि हे इंजिन मूळचेच काय?

आता माझ्या मोटारीकडे वळतो. आमचा राळेगाव तालुका वर्धा नदीच्या एका तीरावर आहे, तर दुसऱ्या तीरास वर्धा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील शेगाव नावाच्या लहानशा खेड्यात १९३६ साली महात्मा गांधी राहावयास आले आणि १९४० साली त्या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. त्यामुळे महात्माजी आम्हां नदीकाठच्या लोकांस केवळ इतिहासाच्या पुस्तकातले पुरुष वाटत नाहीत; शेजारच्या गावचे वडीलधारे वाटतात. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस त्यांचा वध झाला. पुढील तेरा दिवसांत त्यांच्या देहास व अस्थींस ज्या वाहनांनी वाहिले, त्यांची हकीकत मोटारीच्या अभ्यासकानेही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पहिले वाहन दिल्लीचे. ३१ जानेवारीच्या अंत्ययात्रेसाठी सैन्यातील शस्त्रे वाहणारी एक मोटार निवडण्यात आली. परंतु तिच्यात ठेवलेला देह लाखो लोकांच्या दृष्टीस पडला नसता. म्हणून एका रात्रीत तिच्या वरच्या बांधणीची मोडतोड करून उंच तक्तपोशी बसविण्यात आली. वर सांगितलेल्या कोचबिल्डरांचे जे काम महिनोगणती चालते, तेच येथे एका रात्रीत उरकले गेले. आणि आश्चर्य असे की, इतक्या खटपटीने सिद्ध केलेल्या त्या मोटारीचे इंजिन सुरूच करण्यात आले नाही. तिला चार दोर बांधण्यात आले आणि भूदल, नौदल व वायुदल यांतील सुमारे दोनशे जवानांनी ती हातांनी ओढली. बिर्ला भवनापासून यमुनातीरापर्यंतचा सुमारे पाच मैलांचा मार्ग आक्रमिण्यास साडेचार तासांहून अधिक वेळ लागला.

दुसरे वाहन प्रयागचे. तिसऱ्या वर्गाचे डबे जोडलेल्या खास आगगाडीने अस्थिकलश दिल्लीहून निघाला व १२ फेब्रुवारी १९४८ रोजी अलाहाबादेस, म्हणजे आजच्या प्रयागराजास पोचला. तेथून संगमापर्यंत फुलांनी सजविलेल्या एका फोर्ड मालमोटारीवरून त्याची मिरवणूक निघाली. संगमाशी जमीन व पाणी या दोहोंवर चालणारी ‘डक’ नावाची लष्करी गाडी सज्ज होती. तिने कलश प्रवाहात नेला. त्याच सुमारास देशातील इतर नद्यांतही अस्थिविसर्जन झाले. आमच्या शेजारी पवनार येथे धाम नदीत ते झाले, आणि तेथे दर वर्षी १२ फेब्रुवारीस मेळा भरतो. धामचे पाणी वणा नदीतून पुढे वर्धा नदीस मिळते. तेव्हा त्या अस्थींचा काही अंश आमच्या तालुक्याच्या शिवेवरून वाहत गेला असे म्हटले, तर ती केवळ कविकल्पना ठरणार नाही.

प्रयागची ती फोर्ड मालमोटार आजही आहे. कंपनी बागेतील अलाहाबाद संग्रहालयात ती जपून ठेविली असून ‘१९४७ सालच्या बनावटीची व्ही-आठ फोर्ड’ अशी तिची नोंद आहे. त्याच संग्रहालयात चंद्रशेखर आझाद यांचे कोल्ट पिस्तूलही आहे. बहुतेक प्रेक्षक पिस्तुलापुढे अधिक वेळ थांबतात. मी मोटारीपुढे थांबलो. लहानपणापासून पवनारच्या मेळ्याची वर्णने ऐकल्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे एखादा रथ होता. प्रत्यक्षात समोर उभी होती ती साधी, कष्टाळू मालमोटार. कापसाच्या हंगामात आमच्या जिनिंगच्या फाटकापुढे उभी राहिली असती तर कोणी वळूनही पाहिले नसते. तिच्यापुढे हात जोडून झाल्यावर माझ्या मनात जो प्रश्न उठला तो काहींस उद्धट वाटेल. मी मनाशी म्हणालो, “पाटीवर लिहिले आहे म्हणून मी हे मानतो. पण पाटी नसती, तर ही मोटार कोणती, आणि हिचे इंजिन कोणते, हे मला ओळखता आले असते काय?”

हा प्रश्न घेऊनच मी घरी परतलो, आणि पुढे पुष्कळ दिवस फोर्डच्या त्या इंजिनाची माहिती गोळा करीत राहिलो. त्यातील मुख्य भाग येथे देतो.

फोर्डचे व्ही-आठ इंजिन १९३२ साली निघाले. चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे तिरप्या बसविलेल्या, म्हणून हे नाव. त्यापूर्वी आठ सिलिंडरांची इंजिने श्रीमंतांच्या मोटारींतच आढळत. हेन्री फोर्ड यांनी दोन्ही रांगा व खालचा गाळा एकाच ओतकामात ओतून घेण्याची युक्ती साधली, आणि आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य मनुष्याच्या आवाक्यात आणले. आरंभी त्याचे आकारमान २२१ घन इंच व शक्ती ६५ अश्वबळ होती. महायुद्धानंतरच्या १९४६ सालच्या मोटारींत आकारमान २३९ घन इंच, म्हणजे सुमारे ३.९ लिटर, व शक्ती १०० अश्वबळ झाली. झडपा वरच्या झाकणात नसून खालच्या ओतकामातच असल्यामुळे झाकण अगदी सपाट दिसते. यावरूनच लोक त्यास चपट्या माथ्याचे इंजिन म्हणत.

आता ओळखीचा भाग. मोटारीच्या टोपणावर ‘व्ही-आठ’ असे चिन्ह दिसले म्हणून आत तेच इंजिन असेल असे मानू नये, कारण त्या काळी फोर्ड कंपनी आपल्या मालमोटारींस सहा सिलिंडरांचे इंजिनही देत असे. टोपण उघडून पाहावे. सिलिंडरांच्या दोन तिरप्या रांगा दिसल्या तर पहिली पायरी साधली. मग सपाट झाकणावरील नट मोजावेत. आरंभीच्या इंजिनांत प्रत्येक झाकणास एकवीस असत. १९३८-३९ पासून चोवीस झाले. पाण्याचे पंप पाहावेत. १९३६ पर्यंत ते झाकणांच्या पुढच्या टोकास असत. १९३७ पासून खाली मुख्य ओतकामात आले. क्लचवरील घंटेच्या आकाराचे आवरण इंजिनाच्या ओतकामाशी एकजीव असेल तर इंजिन जुन्या धाटणीचे समजावे. १९४८-४९ च्या नव्या धाटणीत ते वेगळे जोडलेले असते. युद्धानंतरच्या जुन्या धाटणीच्या इंजिनांत याच आवरणाच्या माथ्यावर पुष्कळदा ‘५९’ हा आकडा ओतलेला आढळतो. तेव्हा १९४७ सालच्या म्हणून दाखविलेल्या एखाद्या फोर्ड मालमोटारीत एकवीस नटांचे झाकण निघाले, तर कोणीतरी जुने इंजिन तिच्यात बसविले आहे असे समजावे. आवरण वेगळे निघाले, तर नंतरचे इंजिन बसविले आहे असे समजावे.

येथे एक मौजेची अडचण आहे. आज आपल्या देशात मोटारीच्या नोंदणीपुस्तकात चासीचा व इंजिनाचा असे दोन निरनिराळे आकडे असतात. जुन्या कॅडिलॅक मोटारीत इंजिनाचा आकडा हाच मोटारीचा आकडा मानीत. परंतु त्या काळच्या फोर्ड व्ही-आठच्या इंजिनावर असा आकडाच ठोकलेला नसे! तो गिअरबॉक्सच्या आवरणावर व चासीच्या डाव्या पोलादी तुळईवर ठोकीत. म्हणून इंजिन बदलले तरी आकड्यांत फरक पडत नाही. शोधकास ओतकामाच्या खुणाच वाचाव्या लागतात. जेथे कागद बोलत नाही, तेथे लोखंड बोलते. ते ऐकण्याची सवय मात्र हवी.

अंगाची, म्हणजे वरच्या बांधणीची ओळख छायाचित्रांवरून करावी लागते. जुन्या छायाचित्रातील दिव्यांची जागा, दाराच्या बिजागऱ्या, खिडक्यांची संख्या, साटीच्या फळ्या या एकेक करून समोरच्या मोटारीशी ताडून पाहाव्यात. कोचबिल्डर आपल्या नावाची लहानशी पट्टी दाराच्या उंबरठ्यावर किंवा टोपणामागील पत्र्यावर ठोकीत, तीही शोधावी. रुग्णवाहिका व शववाहिका बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतून भेद कळतो. पहिलीत डोलीशेजारी परिचारकाची बैठक व औषधांचा फडताळ असतो. दुसरीत शवपेटी सरकविण्यासाठी तळाशी रूळ असतात.

इतका खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर म्हणून अमेरिकेतील एक हकीकत सांगतो. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांचा वध झाला. त्यांचा देह विमानाने राजधानीस आल्यावर विमानतळावरून नौदलाच्या रुग्णालयात एका करड्या रंगाच्या पाँटिॲक रुग्णवाहिकेतून नेण्यात आला. ती सुपीरियर कंपनीच्या बांधणीची होती. २०११ च्या जानेवारीत ॲरिझोना प्रांतातील एका लिलावात तीच मोटार म्हणून एक पाँटिॲक विकली गेली. बोली १,२०,००० डॉलरांवर गेली. परंतु लिलावापूर्वीच अभ्यासकांनी आक्षेप घेतला होता. खरी रुग्णवाहिका १९८६ सालीच यंत्राखाली चिरडून नष्ट केली गेली, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांनी कागदपत्रे व छायाचित्रे पुढे मांडली. दोन मोटारी एकाच सालच्या, एकाच कारखान्याच्या, एकाच रंगाच्या असू शकतात. त्यांतली एकच इतिहासाची साक्षीदार असते. दुसरीपुढे वाहिलेली फुले श्रद्धेची असली तरी चुकीच्या पत्त्यावर पोचलेली असतात.

मग मूळ इंजिन नसले तर मोटार खोटी ठरते काय? हा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी आमच्याच जिल्ह्याकडे वळतो. यवतमाळहून मूर्तिजापुरास पूर्वी जाणारी अरुंद रुळांची आगगाडी लोक ‘शकुंतला’ म्हणून ओळखत. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून तिला ओढीत होते. सत्तर वर्षांच्या चाकरीनंतर १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले व डिझेल इंजिन आले. त्या दिवशी कोणी असे म्हटले नाही की शकुंतला गेली. बाया डोक्यावर टोपली घेऊन चढल्या, मुले खिडकीशी भांडली, गाडी पूर्वीसारखीच सावकाश निघाली. आमच्या बंडीचेही तेच आहे. धाव झिजली की नवी चढवितात, आरा मोडला की नवा ठोकतात, तरी पोळ्याच्या दिवशी तिला ‘आजोबांची बंडी’ म्हणूनच गेरू लावतात.

यावरून मला असे वाटते की इंजिन बदलल्याने मोटार खोटी होत नाही. बदललेले इंजिन मूळचे म्हणून सांगितल्याने ती खोटी होते. असत्य लोखंडात नसते, सांगण्यात असते. ज्या महात्म्याने आपल्या आत्मचरित्रास सत्याचे प्रयोग असे नाव दिले, त्याच्या अस्थी वाहणाऱ्या मोटारीविषयी तरी आपण जितके ठाऊक आहे तितकेच बोलावे, हे त्याच्या स्मृतीस अधिक साजेसे आहे. खुणा तपासल्याने श्रद्धा उणी होते असे मानणाऱ्यांनी श्रद्धेस फारच नाजूक समजले आहे. नट मोजून पाहिल्यावरही जी टिकते तीच श्रद्धा मुलांच्या हाती देण्यायोग्य होय.

दिल्लीच्या त्या पहिल्या वाहनाचा विचार मनात आला म्हणजे आणखी एक गोष्ट सुचते. उद्या कोणी त्याच्या इंजिनाचा अभ्यास केला, त्याचा आकडा शोधला, ओतकामाच्या खुणा वाचल्या, तर ते सर्व योग्यच होईल. तथापि त्याच्या अहवालात एक ओळ अवश्य असली पाहिजे: ‘त्या दिवशी हे इंजिन बंद होते, मोटार माणसांनी ओढली.’ यंत्राची पूर्ण ओळख लिहावयाची तर त्याने काय केले याबरोबरच त्याच्याकडून काय करवून घेतले नाही, हेही लिहावे लागते.

बालमित्रांनो, तुमच्यापैकी प्रत्येकास प्रयागपर्यंत जावयास मिळेलच असे नाही. परंतु जुन्या वस्तू तुमच्या गावीही आहेत. एखाद्या जिनिंगच्या आवारात जुने तेलाचे इंजिन असेल, मंदिराच्या ओवरीत घंटा असेल, दवाखान्याच्या मागे गंजलेली मोटार असेल. तिच्याविषयी वडीलधारे काय सांगतात ते आदराने ऐका व वहीत टिपून ठेवा. सांगणाऱ्याचे नाव व दिवसही लिहा. मग वस्तूजवळ जा. तिच्यावरील गंज पुसून आकडा पाहा, पट्टी पाहा, ओतकामातील अक्षरे पाहा. ऐकलेले व पाहिलेले जुळले तर आनंद माना. न जुळले तरी सांगणाऱ्याचा उपहास करू नका; दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहून ठेवा. आणि पालकांस एवढीच विनंती की, घरातील जुनी नोंदणीपुस्तके, पावत्या व छायाचित्रे रद्दीत देण्यापूर्वी एकदा मुलांपुढे उघडावीत. छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने साल व नावे लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. पन्नास वर्षांनंतर एखाद्या वस्तूस तिचे खरे नाव परत मिळावयाचे असेल, तर ते बहुधा त्या दोन मिनिटांमुळेच मिळते.